रागावर उतारा: आठ ठोकळे कोळसा

१८ नोव्हेंबर, सोमवार
आजच्या रागाची खरी किंमत: चहाचा एक कप, वीस वर्षांचं एक गिऱ्हाईक आणि बायकोचा अबोला (अजून चालू). कप फेकला फोरमन कूच्या दिशेने, लागला गिऱ्हाइकाच्या कोटाला. चूक कूची. तो वाकला.

शाळेला दिलेली बारा रोलिंग शटर परत आली. वर जातात, खाली येत नाहीत. "मालकांच्या प्रेशरसारखी," असं कू कुणाच्या तरी कानात म्हणाला. माझे कान तिखट आहेत हे या गाढवांना अजून माहीत नाही.

प्रेशर १७० वर १०५. डॉक्टर कालचं पोर. म्हणे व्यायाम करा, आणि दुसऱ्यांसाठी काहीतरी करा. मी म्हटलं, अर्ध्या बुसानच्या दुकानांना मी शटर बसवलीत, ती काय स्वतःसाठी? म्हणाला, "फुकट काहीतरी." तपासायचे पैसे मात्र घेतले.

पण रविवारी दुपारी नव्या व्याह्यांबरोबर जेवण. मागच्या खेपेला आमच्या पोरीचं, ना-ग्योंगचं, ठरत आलेलं लग्न अशाच टेबलावर मोडलं. मी एवढंच विचारलं होतं, की पोराच्या बापाने जन्मात कधी घाम गाळून पैसा कमावलाय का. साधा प्रश्न. पोरगी वर्षभर बोलली नाही. आता चौतिशीची आहे. काल फोनवर म्हणाली, "बाबा, रविवारी तुम्ही फक्त जेवा."

फक्त जेवा! माझ्याशिवाय त्या टेबलावर चमचा हलायचा नाही.

संकल्प: शुक्रवारपर्यंत रोज व्यायाम. शनिवारी समाजसेवा. रविवारी शांत समुद्र.

१९ नोव्हेंबर, मंगळवार, पहाटे ६
टेकडीवरची बाग. टोप्या घातलेल्या बायकांची फौज झाडाला पाठ आपटत होती. याला व्यायाम म्हणतात.

एक ऐंशीचा म्हातारा उलटं टांगायच्या यंत्रावर डोकं खाली करून रेडिओवर बातम्या ऐकत होता. तो उतरल्यावर मी चढलो. डोकं झकास खाली गेलं. वर येईना.

सात-आठ मिनिटं. फार तर पंधरा.

"अगं, हा शटरवाला प्यो ना?"
"तोच. अडकलंय बघ शटर!"

चौघींनी ओढून सरळ केलं. आभार मानले नाहीत. मागितली नव्हती मदत.

२० नोव्हेंबर, बुधवार
बागेत जाणं रद्द. यंत्रं सदोष.

डोंगर चढायचा पूर्ण सरंजाम घेतला: बूट, दोन काठ्या, वारा न लागणारं जाकीट. टेकडी एकशे चाळीस मीटर आहे, पण करायचं तर नीट. बायकोने अबोला सोडला. म्हणाली, "अहो, हिमालयात कधी निघताय?"

बूट आधी मुरवावेत म्हणून कारखान्यातच फिरलो. दोन फोड. कूवर फक्त दोनदा ओरडलो. (जेवणानंतरचा हिशोब.)

२१ नोव्हेंबर, गुरुवार
फोडांमुळे विश्रांती. विश्रांती हाही व्यायामाचाच भाग.

व्याह्यांची माहिती काढली. म्योंग, निवृत्त मास्तर, शाळेत गाणं शिकवायचे. जन्मभर पोरांकडून सारेगम म्हणवून घेतलं आणि पेन्शन खातोय. काही बोलणार नाही मी. शांत समुद्र.

वॉर्डाच्या कचेरीत समाजसेवेसाठी नाव घातलं. गरिबांसाठी किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायची, की डोंगरवस्तीतल्या म्हाताऱ्यांना कोळसा पोचवायचा? किमची बायकांचं काम. नावं लिहिणाऱ्या मुलीला सांगितलं, "शंभर ठोकळे एकट्या माझ्या नावावर लिही." ती म्हणाली, "काका, तिथं सगळे मिळून देतात." हसलो.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार
रंगीत तालीम. बायको म्योंग मास्तर झाली. म्हणाली, "आमच्या मुलाला शांत घर आवडतं हो." मी चार मिनिटं गप्प होतो. ती म्हणते, पन्नास सेकंद. घड्याळ तिच्याकडे होतं, त्यामुळे पुरावा नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार (पडून लिहितोय)
सकाळी वस्तीच्या पायथ्याशी चाळीस स्वयंसेवक. बँकेतली पोरं, लाल हातमोजे, बॅनर, फोटो. मग पायऱ्यांवर रांग लावून एकेक ठोकळा हातातून हातात. आळशांची सोय! मी सतराव्या वर्षी बाजारात पाठीवर लाकडी चौकट बांधून हमाली केली. तिथं कोपऱ्यात तसलीच एक चौकट होती. आठ ठोकळे लादले. एकेक साडेतीन किलोच्या वर. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

पायऱ्या दोनशे दहा. दोनशे आठव्या पायरीवर पाठीत काहीतरी तुटल्यासारखा आवाज आला. आधी वाटलं चौकट.

ज्यांच्या दारात पडलो त्या ओक-बुन आजी, वय शहाऐंशी. वाकून म्हणाल्या, "अरे पोरा, कोळसा द्यायला आलायस की राहायला?"

स्वयंसेवकांतली एक नर्स म्हणाली, हॉस्पिटलात चला, नाहीतर उद्या संध्याकाळपर्यंत तसूभर हलू नका. स्ट्रेचर मी नाकारलं. दोनशे दहा पायऱ्या, आणि खाली अजून फोटो काढणं चाललेलं. आजींच्या खोलीत आडवा; चुलीतल्या कोळशाची धग खालून फिरते, म्हणून जमीन गरम. आजी पेज भरवतात आणि टीव्हीवरच्या सुनेला शिव्या घालतात. मी ओरडलो नाही. ओरडलं की कळ येते.

उद्या काहीही करून जेवणाला जाणार. गरज पडली तर रांगत.

२४ नोव्हेंबर, रविवार
रांगून पाहिलं. उंबऱ्यापर्यंत.

बारा वाजले. एक. आता तिथं काय चाललं असेल! बायको भोळी, मास्तर गुंडाळून ठेवेल तिला. पुन्हा मोडलं तर पोरगी या जन्मी बोलायची नाही.

पावणेदोनला बायकोचा फोन. सगळं ठरलं. मार्चचा दुसरा शनिवार, हॉल, जेवण, सगळं. मास्तरांनी तोंडाचा बाजा वाजवला. सगळे हसले. ते म्हणाले, आजीबाईंचा कोळसा वाहताना पाठ मोडून घेणारा बाप, म्हणजे घर चांगलंच असणार.

म्हणजे माझीच योजना यशस्वी झाली.

मग ना-ग्योंग फोनवर आली. रडत होती की हसत होती कळलं नाही. म्हणाली, "बाबा, थँक्यू. मार्चपर्यंत असेच पडून राहा."

संध्याकाळी कू आणि दोन कामगार न्यायला आले. मला पाठीवर घेताना कू म्हणाला, "मालक, वाकू ना?" आजींना म्हटलं, माझा कोळसा थंडीभर पुरवून वापरा.

आजी चुलीकडे बघत म्हणाल्या, "आणलेस आठ. तीन फुटले. राहिले पाच. तुझ्या पाठीखाली कालपासून सहा जाळलेत."