टेबलाखालून दिसणारी चप्पल

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग शब्दापुरताच. डावा गुडघा वाकत नाही, आणि पत्राची सुरुवात खोट्याने नको.) तुझा खोकला कसा आहे? वहिनी म्हणते बरा आहे, तू म्हणतोस कसला खोकला, म्हणून दोघांना वेगवेगळं विचारते आहे. निवृत्तीला दोन वर्षं उरली, आता बंबाच्या शिडीवर तरुणांना चढू दे. पत्राला खास कारण नाही. सहज लिहिते आहे.

आमच्या बालवर्गात सध्या 'आपले मदतनीस' हा पाठ चालू आहे. पोस्टमन आणि डॉक्टर शांतपणे पार पडले. अग्निशामक दलासाठी मी हस्तकला निवडली: कागदी थाळी लाल रंगवायची, मधे गोल कापायचा पण पुढे थोडा जोडलेला ठेवायचा, तो भाग उभा करून त्यावर पिवळा आकडा चिकटवायचा, की झालं हेल्मेट. रविवारी घरी बसून एक नमुना माझ्या डोक्यावर नीट बसवला आणि त्याच मापाने बावीस थाळ्या कापून नेल्या. (मुलांची डोकी लहान असतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. वीस वर्षं शिकवते आहे. तरी कापल्या.) दोन मिनिटांत सगळ्या थाळ्या कानांवरून घसरून खांद्यांवर आल्या आणि माझं दल गळ्यात लाल झालर घालून उभं राहिलं. ज्याला आम्ही 'वकील' म्हणतो त्याने विचारलं, "बाई, बंबवाल्यांचा गळा पेटतो का?" प्रश्न रास्त होता. मी तो डायरीत उतरवून घेतला.

खरा पाठ पुढे होता. तूच मागे सांगितलं होतंस ना, की आगीत लहान मुलं पलंगाखाली लपतात आणि मास्क लावलेला माणूस हाका मारत आला तर भीतीने ओ देत नाहीत. तेव्हा लपायचं नाही, ओ द्यायची, एवढं तरी मुलांना शिकवायचंच असं मी ठरवलं होतं. त्यासाठी खोक्याचा मास्क केला, डोळ्यांना पारदर्शक प्लास्टिक, खाली काळ्या कागदाची चुण्या घातलेली नळी. सामानाच्या खोलीत जाऊन तो चढवला आणि तू दाखवला होतास तसा घोगरा श्वास घेत वर्गाच्या दारात उभी राहिले. चार सेकंदांत एकवीस मुलं टेबलांखाली. वकील सगळ्यांत आधी. झाडणाऱ्या मावशीसुद्धा दाराआड गेल्या (त्या म्हणतात, तिथे कचरा होता). तीन दिवस खपून जे शिकवायचं होतं, त्याच्या नेमकं उलटं मी एका श्वासात शिकवलं.

बाविसावी मुलगी आधीपासूनच टेबलाखाली होती. तिला मी 'गोगलगाय' म्हणते. (म्हणावं की नाही, हा प्रश्न डायरीत सात वेळा आला आहे.) घंटा वाजली, खुर्ची सरकली, कुणी जोरात शिंकलं, की ती खाली. खरं सांगायचं तर हा सगळा खटाटोप तिच्यासाठीच होता. खरोखरचा धूर झाला आणि ही कुठेतरी गप्प बसून राहिली तर, या विचाराने मला अधूनमधून घास जात नाही. तर त्या टेबलाखालून तिकीट खिडकीतल्यासारखा निर्विकार आवाज आला: "बाई आहेत. चप्पल बघा ना."

माझ्या उजव्या चपलेचा अंगठा हिरव्या दोऱ्याने शिवलेला आहे. काळा दोरा संपला होता. वर्षभर खाली राहून या मुलीने अख्खी शाळा पायांवरून पाठ केली आहे: मोठ्या बाईंच्या बुटाची टाच झिजलेली, मावशींच्या पायात चांदीचं जोडवं एकच. ती बाहेर आली, माझं बोट धरलं, आणि एकेकाला नावाने हाक मारून बाहेर काढलं. "ये रे, बाईच आहेत." मी हाका मारत होते तेव्हा कुणी हललं नव्हतं.

मला रडू आलं. मास्कमुळे दिसलं नाही. पण घरी येईपर्यंत मनात किंतु आलाच: ती आली ती मी होते म्हणून. खऱ्या बंबवाल्याच्या पायात हिरवा दोरा कुठून असणार?

वहिनीला नमस्कार. काढा घेत जा.

तुझी धाकटी

ता. क. वर 'सहज लिहिते आहे' म्हटलं ते पूर्ण खरं नाही. येत्या गुरुवारी सकाळी दहाला वर्गात येशील का? घरच्या चपलेत ये. मग मुलांसमोर एकेक चढव: बूट, कोट, हेल्मेट, शेवटी मास्क. त्या बुटात कुणाचे पाय गेले ते तिला दिसू दे. (मुलांना मी सांगून बसले आहे, त्यामुळे 'येशील का' हेही पूर्ण खरं नाही.)

ता. क. २. तुझ्या नोकरीचं पहिलं वर्ष. गोदामाची आग विझवून तू काजळीने माखलेला तसाच घरी आलास. मी नऊ वर्षांची. त्या दिवशीच्या डायरीत लिहिलं आहे, 'दादा आला तेव्हा मी झोपले होते.' खोटं आहे. मी कॉटखाली होते. तू दोनदा हाक मारलीस, मग आईला म्हणालास, झोपू दे तिला. कॉटवर बसून मोजे काढलेस तेव्हा तुझा वाकडा अंगठा दिसला आणि कळलं, तूच आहेस. पण तोवर बाहेर यायची लाज वाटू लागली होती. पस्तीस वर्षांनी काल डायरीत दुरुस्ती केली.

ता. क. ३. तुझ्यासाठी एक लाल थाळी राखून ठेवली आहे. माप माझ्या डोक्याचं, म्हणजे तुला बसेल. गोगलगायीला तुझ्या अंगठ्याचं सांगून ठेवलं आहे. ती दारापाशी बसून वाट बघणार आहे, टेबलाच्या बाहेर. मोजे घालून येऊ नकोस.