जहाजाचं तिसरं कोटेशन

२ ऑक्टोबर, गुरुवार
धम्मचक्र प्रवर्तन दिन. सकाळीच लेणीवर जाऊन आलो. गर्दी लई. उतरताना सुलेखाचा गुडघा आखडला. पायरीवरच बसली. म्हणाली, डॉक्टरांनी जानेवारीत गुडघा बदलायचा म्हणलंय, त्याच्याआधी मला एकदा समुद्राच्या आत जाऊन यायचंय. एवढंच मागितलं.

मागणं जुनं आहे. दर सहा डिसेंबरला आम्ही चैत्यभूमीला जायचो. लेक निशा तिच्या कडेवर, रांग पुढं सरकेना, बाजूला समुद्र. ती दरवर्षी विचारायची, हा पुढं कुठं जातो हो? मी म्हणायचो, रिटायर झालो की दाखवतो. ऑगस्टमध्ये रिटायर झालो. शब्द म्हणजे शब्द.

संकल्प: आठ दिवसांत क्रूझचं बुकिंग.

५ ऑक्टोबर, रविवार
निराला बाजारात एका ट्रॅव्हल्सवाल्याकडे जाऊन आलो. क्रूझमध्ये दोन जाती आहेत. एक मेनस्ट्रीम. मोठं जहाज, मुंबईहून सुटतं, हजारो माणसं, डीजे, घसरगुंडी, बुफे. दुसरं लक्झरी स्मॉल शिप. कोचीहून श्रीलंकेला जातं. माणसं लग्नातल्या एका पंगतीएवढी. प्रत्येकाला बाल्कनी आणि बटलर. काउंटरवरच्या पोरीनं त्याचा भाव सांगितला तेव्हा मला ठसका लागला. एसीमुळे.

घरी येऊन सुलेखाला समजावलं. ती म्हणाली, छोट्याला पैसे जास्त आणि मोठ्याला कमी? मग मोठ्यात वाईट काय? मी एक्सक्लुसिव्ह या शब्दाचा अर्थ सांगितला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, तिथं नळ रोज येतो का?

हसू आलं. बिचारी! आमच्या कॉलनीत नळ कधी आठवड्यानं, कधी त्याच्याही पुढं. तिचं डोकं तिथंच अडकलंय. बटलर पाणी भरतो का, असंही विचारलं तिनं.

९ ऑक्टोबर, गुरुवार
अजून बुकिंग नाही. त्याला कारण आहे. वाळूजच्या कंपनीत खरेदी विभागात सगळी नोकरी काढली. तीन कोटेशनशिवाय स्टेपलरची पिनसुद्धा घेतली नाही. कोटेशनं दोनच आली आहेत. एक मोठं, एक छोटं. तिसरं आल्याशिवाय तुलना कशी करायची? उद्या कुणी बोट दाखवलं तर?

सुलेखाला हे पटवून दिलं. ती म्हणाली, माझं लग्न ठरवताना माझ्या बापानं तीन कोटेशनं मागवली नाहीत, तिथंच चुकलं. विनोद बरा होता. मी हसलो. ती हसली नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
समोरचे खंडेराव आले होते. एसटीतले रिटायर ड्रायव्हर. मूळचे मेंढरंवाले, अजून दारात एक शेळी बांधलेली असते. ते आणि त्यांची बायको राजाबाई बारा डिसेंबरच्या मोठ्या जहाजानं चाललेत! चार जणांची खोली घेतलीय, दोन बिछाने रिकामे आहेत. म्हणाले, चला साहेब, वहिनींनाबी घ्या, लई मजा येईल. मी विचारलं, खिडकी आहे का? म्हणाले, नाय. झोपायला खिडकी कशाला लागती?

निर्णय कसा घेतला, असं विचारलं. म्हणाले, पोरीनं फोनवर इचारलं, आबा जहाजानं जायचं का? म्या म्हणलो, व्हय. झालं.

याला प्रोसेस म्हणत नाहीत. महिनाअखेरपर्यंत दोन्ही बिछाने आपल्यासाठी धरून ठेवतो म्हणाले. चांगला माणूस आहे, पण मेनस्ट्रीम.

१९ ऑक्टोबर, रविवार
छोट्या जहाजाविषयी एक तांत्रिक शंका. ते जास्त हलतं म्हणतात. म्हणून आज टेस्ट घेतली. एसटीच्या मागच्या सीटवर बसून खुलताबादला निघालो. मागची सीट म्हणजे स्मॉल शिप, मधली सीट म्हणजे मेनस्ट्रीम, असं गणित.

दौलताबादचा घाट चढतानाच उलटी झाली. शेजारच्या बाईंच्या पिशवीत. त्या दगडाबाई नावाच्या होत्या, हे त्यांनी मला शिव्या देताना स्वतःच सांगितलं. दगडाबाईच्या मेथीवर वकतोस व्हय रे मुडद्या, असं म्हणाल्या. मेथीचे पैसे दिले.

दोष सीटचा नाही. सकाळची मिसळ तेलकट होती. छोटं जहाज अजून स्पर्धेत आहे.

२८ ऑक्टोबर, मंगळवार
जवळजवळ फायनल. छोटं! सुलेखानं आयुष्यभर गर्दीच पाहिली. रांगा, पंगती, टँकरपुढच्या बादल्या. तिला एकदा तरी राणीसारखं न्यायचं. हे मी मनापासून लिहितोय.

किरकोळ अडचण, श्रीलंकेला पासपोर्ट लागतो. सुलेखाचा ताजा आहे, निशानं पुण्याला बोलावून काढून दिला होता. माझा शोधला. कपाटात सापडला. सहा वर्षांपूर्वीच मेलाय. अर्ज केला. होईल.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार
खंडेरावांची मुदत आज संपते. सुलेखानं सकाळी विचारलं, काय ठरलं? दुपारी विचारलं. चहाच्या वेळी विचारलं नाही, नुसती उभी राहिली. मी सांगितलं, गोव्याच्या एका एजंटाचं तिसरं कोटेशन उद्या येतंय. ती चप्पल घालून समोर गेली आणि स्वतःचं नाव देऊन आली!

मला म्हणाली, एक बिछाना अजून आहे, नुसतं हो म्हणा. मी म्हणालो, प्रेशरखाली खरेदी करत नसतात. संध्याकाळी मागच्या गल्लीतल्या मनकर्णाबाई मेथी निवडत बसल्या होत्या. सत्तरीच्या पुढं वय, जिना चढला की दम लागतो. राजाबाईंनी त्यांना सहज विचारलं. बाईंनी काडी खाली टाकली आणि म्हणाल्या, येते.

माझा बिछाना गेला. मेथीच माझ्या वाईटावर आहे.

४ नोव्हेंबर, मंगळवार
गोव्याच्या एजंटाचं कोटेशन आलं. जहाजाचं नाही, मासेमारीच्या ट्रॉलरचं आहे. त्याला मी काय लिहिलं होतं कुणास ठाऊक.

सुलेखा माझ्याशी फक्त भाजी आणि मीठ या विषयांवर बोलते. जीव कासावीस होतो. पण मार्ग सापडलाय. दोघांचंही छोट्या जहाजाचं बुकिंग गुपचूप करायचं आणि कागद तिच्या हातात ठेवायचा. बाल्कनी बघून ती आपणहून खंडेरावांना नाही म्हणेल. तिसऱ्या कोटेशनचा नियम या वेळेपुरता शिथिल. इतकं मी तिच्यासाठी करतोय, हे तिला माहीतसुद्धा नाही!

१३ नोव्हेंबर, गुरुवार
घडलं ते क्रमानं लिहितो.

पासपोर्ट आला. सकाळी पेमेंट करायला बसलो. कार्ड नंबर टाकला. ओटीपी आला. आणि तेवढ्यात गल्लीत ओरडा झाला, नळ आले!

या गावात नळ आला म्हणलं की माणूस देवघरातून उठतो, ताटावरून उठतो, मयतीतूनही हळूच उठतो. मीही उठलो. विचार केलाच नाही, पायच पळाले. मोटर लावायला वाकलो आणि खिशातला मोबाईल हौदात.

सुलेखानं झाऱ्यानं काढला, तांदळात ठेवला. कुणाचा मेसेज येणार होता का, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, गॅसच्या नंबराचा. मोबाईल संध्याकाळी जिवंत झाला. निराला बाजारच्या पोरीचा फोन आला, सर, ती शेवटची खोली होती, गेली.

हौद मात्र काठोकाठ भरला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
मोठं जहाजही फुल. वेटिंगवर नाव घालत नाहीत. कसलीही खोली द्या म्हणालो, खिडकी नको, बाल्कनी नको, बटलर तर मुळीच नको. नाही म्हणाले.

मनकर्णाबाईंकडे गेलो. दम कसा आहे, समुद्राची हवा दमट असते, असं सुचवून पाहिलं. त्या म्हणाल्या, पोरा, आता तर चप्पलबी नवी घेतली. मग खंडेरावांना म्हणालो, राजाबाईंच्या जागी मी आलो तर? राजाबाई शेळीच्या दाव्याला गाठ मारत होत्या, ती जरा जोरात मारली.

शेवटी सुलेखालाच गाठलं. म्हणालो, नको जाऊस ना. पुढच्या वर्षी दोघं जाऊ, लक्झरीनं. तिनं इस्त्री उभी केली. म्हणाली, पुढच्या वर्षाचीसुद्धा तुम्ही तीन कोटेशनं मागवाल. माझा गुडघा तेवढा थांबायचा नाही. पुढं म्हणाली, मला राणी व्हायचं नव्हतं हो, मला तुमच्यासंगं जायचं होतं.

मी पंख्याचा वेग वाढवला.

६ डिसेंबर, शनिवार
गुडघ्यामुळे यंदा चैत्यभूमी नाही. भडकल गेटला बाबासाहेबांना अभिवादन करून आलो. रांगेत सुलेखा माझ्या पुढं होती. बाजूला समुद्र नव्हता, रिक्षा होत्या. तरी वाटलं, ती आता मागं वळेल आणि विचारेल, हा पुढं कुठं जातो हो? वळली नाही. तिला आता मला विचारायची गरज नाही. ती स्वतःच बघून येणार आहे.

संकल्प: हसतमुखानं निरोप द्यायचा.

११ डिसेंबर, गुरुवार
स्टेशनवर चौघांना गाडीत बसवलं. खंडेरावांनी गॉगल लावला होता, अंधारात. मनकर्णाबाईंनी दशम्यांचं गाठोडं घेतलं होतं. जहाजावर बुफे आहे म्हणालो, तर म्हणाल्या, त्यांचं त्यांच्यापाशी.

सुलेखा खिडकीतून सांगत होती, हिरवा कॉक आधी सोडा, मग लाल बंद करा, मग मोटर. मी ऐकल्यासारखं केलं. खरं तर तिच्या नव्या स्वेटरकडे बघत होतो. निळा. कधी घेतला कळलंच नाही. गाडी हलली तेव्हा म्हणाली, नळ आला की सगळं सोडून पळा. मी म्हणालो, तू बिनधास्त जा. हसतमुखानं म्हणालो. घरी येईपर्यंत तोंड तसंच ठेवलं होतं, जबडा दुखला.

१४ डिसेंबर, रविवार
संध्याकाळी सुलेखाचा व्हिडिओ कॉल. कठड्याला धरून उभी होती. निळा स्वेटर, केस सगळे उडालेले. इतकी तरुण मी तिला फोटोतसुद्धा पाहिली नाही. मागं खंडेराव डीजेवर नाचत होते. मनकर्णाबाई घसरगुंडीवरून आलेल्या एका अनोळखी माणसाला दशमी खाऊ घालत होत्या.

तिनं फोन समुद्राकडे फिरवला. मी विचारलं, मग, कुठं जातो? ती म्हणाली, अहो, कुठंच जात नाही. जिकडं बघावं तिकडं आहेच. चैत्यभूमीच्या कठड्यावरून दिसायचा तोच हा. आपणच अलीकडं थांबलो होतो.

मग आवाज बारीक करून म्हणाली, इथं नळ चोवीस तास आहे हो. पहिल्या दिवशी शॉवरखाली उभी राहिले आणि रडूच आलं. तुम्ही पाहिजे होतात.

मला छोट्या जहाजाचे सगळे फायदे पाठ आहेत. एकही आठवला नाही. मीही रडलो. तिला म्हणालो, कॅमेऱ्यात काहीतरी गेलंय. तिनं फोन ठेवलाच नाही. मीही ठेवला नाही. नुसता समुद्र दाखवत राहिली, मी बघत राहिलो. मला तिथं असायला पाहिजे होतं. बिनखिडकीच्या खोलीत, वरच्या बिछान्यावर, खंडेरावांच्या घोरण्यात.

शेवटी तिनं विचारलं, नळ आला का?

तेव्हा लक्षात आलं की गल्लीत मघापासून मोटरींचा आवाज येत होता आणि आता येत नव्हता. हौदात वाकून बघितलं. तळ दिसला. माझं तोंडसुद्धा नीट दिसेना. तिला म्हणालो, भरलं सगळं, तू काळजी करू नको.

आता टँकर मागवावा लागेल. दोघांचे दर आले आहेत. तिसरा सकाळी सांगतो म्हणालाय. तोवर आंघोळ स्थगित.