तिला घरी जाऊ द्यायचं का

अप्पा, तुम्ही असता तर मी हे विचारलंच नसतं. तुमचं उत्तर मला पाठ होतं. तुम्ही नाही, म्हणून विचारतेय.

सांगलीच्या ज्या होस्टेलात तुम्ही मला सोडून गेलात, तिथलीच मी आता रेक्टर आहे. तेव्हा पलटणीतून पहिल्याच सुट्टीवर घरी आलात आणि आपल्या कुंडलहून येऊन थेट मेसमध्ये शिरलात. पलटणीत साहेब जेवणाच्या वेळी लंगरात येऊन जवानांना विचारतो ना, तसे आम्हा पोरींपुढं ताठ उभं राहून गरजलात, "कुणाला काय तक्रार?" आई गं! पोरी ताटावर वाकून हसल्या. मी मात्र उठले. म्हणाले, "अप्पा, मला घरी न्या." तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "पोस्टिंग सोडून जवान पळत न्हाई. बस खाली." मी बसले. पदवी मिळेपर्यंत बसले.

आता इथं काय नाही? समुपदेशक मॅडम आहेत, रात्रभर उघडी अभ्यासिका आहे, गरम पाण्याला सोलर आहे, तक्रार मोबाईलवरून करता येते. आणि जतकडची एक पोर, मेंढरं राखणाऱ्या घरातली, नीट जेवत नाही. समुपदेशक मॅडमपुढं बसते, मान हलवते, परत येते. कुणी त्रास देतं का? न्हाई. अभ्यास जड जातो का? न्हाई. "काय न्हाई मॅडम, घरी जाऊ द्या." डोकं फिरायची वेळ आलीय माझी.

तिच्या वडलांना फोन केला. वाटलं, तुमच्यासारखे असतील. ते म्हणतात, "आवं मॅडम, पोरगी झुरतीया. शाळा काय, फुडच्या वर्षी बी हुईल. उद्या न्यायला येतो." इतकं सोपं? बाप असंही म्हणू शकतो? आधी तुमचा राग आला, मग त्यांचा, मग नेमका कुणाचा तेच कळेना. घरी गेली तर परत येईल? का लग्नच लावून देतील? आणि इथं ठेवली तर खंगत जाईल का?

नव्या पोरींना दरवर्षी मी तुमचं ते पोस्टिंगचं सांगते. टाळ्या पडतात. पण खरं सांगू का अप्पा, मी हिमतीनं राहिले नव्हते. तुमच्या भीतीनं राहिले. त्यात माझं भलं झालं की वाटोळं, हे मला अजून ठरवता येत नाही.

संध्याकाळी मी पोरीच्या वडलांना परत फोन लावला. "येऊ नका," म्हटलं, "परीक्षा होऊ दे." बिचारे लगेच म्हणाले, "व्हय, तुमी म्हणता तर ऱ्हाऊ दे."

उद्या बाप येणार म्हणून पोरगी पिशवी भरून बसलीय. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही.