चेहऱ्याच्या जागी पांढरा गोल

३ जून
नाही म्हणजे नाही! चित्रदालनाच्या बाई फोनवर म्हणतात, "सरळ लिहून टाका — मृत्यूची चाहूल. लोकांना पटतं." ताईच्या शेवटच्या चित्राबद्दल! शेवटचं म्हणे! ताई जिवंत आहे, समोर पलंगावर बसून सूप पितेय. अर्धांगवायूने उजवा हात आणि वाचा गेली, डोकं नाही. प्रदर्शनातलं टिपण मीच लिहिणार.

४ जून
चित्र तिच्या पलंगासमोर लावलंय. खोलीत कमरेइतकं पाणी, त्यात एक बाई उभी. तिची वेणी छत फोडून वर गेलेली. खुर्च्या तरंगताहेत. आणि चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा गोल!
मी कपडे शिवणारी. मला यातलं ओ की ठो कळत नाही. पण ताईला विचारता येतं — डाव्या हाताचं बोट एकदा आपटलं की हो, दोनदा की नाही.
दुःख? दोनदा. एकटेपणा? दोनदा. भावजी दारातूनच म्हणाले, "आमच्या संसारावर असेल." दोनदा — चांगलं जोरात!

७ जून
सगळ्याला दोनदा. मीही हटणार नाही.

९ जून
सापडलं! आज आपल्या धंद्याच्या नजरेने पाहिलं. बाईचा झगा उलटा आहे, शिवण बाहेर. ताईकडून अशी चूक? शक्यच नाही.
"मुद्दाम?"
एकदा.
"घाईघाईत घातलाय?"
एकदा!
म्हणजे ही बुडत नाहीये, कुठेतरी निघालीय. पाण्याच्या कडा पिवळ्या — सकाळ झालीय. वेणी तिला कुणी ओढत नाहीये, तीच तिची वर जायची वाट.
"ताई, हे आनंदाचं चित्र आहे ना?"
एकदा. मग रडली. मीसुद्धा.

१२ जून
दालनाच्या बाईंना टिपण वाचून दाखवलं. "मग चेहरा का पुसलाय? मृत्यूच ना तो?" मी ठणकावलं — निघालेल्या माणसाला जुना चेहरा नको असतो! शेवटी त्या म्हणाल्या, "बरं. छापते." जिंकले!

१५ जून
ताईला टिपण वाचून दाखवलं. चेहऱ्याच्या वाक्याला बोट दोनदा. पुन्हा वाचलं. पुन्हा दोनदा. मग ओठ हलले. आठ महिन्यांत पहिल्यांदा आवाज ऐकला तिचा —
"काढायचा… राहिलाय."