लिआंग आजोबांची विचारपूस

हॅमिल्टन, जुलै १९९६

ती. बाबा,

इथूनच तुमच्या पाया पडते. मी मजेत आहे. इकडे जुलै म्हणजे भर हिवाळा; थंडी कडक आहे, पण हीटर आहे.

आमच्या वॉर्डात लिआंग नावाचे चिनी आजोबा होते. त्यांचा एक्स-रे पाहून मी सगळ्यांसमोर मोठ्या डॉक्टरांना म्हणाले, "मला कळत नाही." फार शरमले. आजोबांनी मुलीकरवी सांगितलं, की त्यांच्या जुन्या ग्रंथांत असं कबूल करणाऱ्यालाच शहाणं मानलंय. मग रोज ते असं एखादं वचन सांगायचे आणि मोडक्या इंग्रजीत विचारायचे, "जेवलीस का?" इथे दुसरं कोणी विचारत नाही.

काल ते बरे होऊन घरी गेले. आनंदच झाला. डबा मात्र तसाच परत आणला. आईला सांगू नका.

तुमचा खोकला थांबला का? रविवारी फोन करेन, तुम्हीच उचला.

तुमची,
सुखदा