ताऱ्यातली बॅटरी

आइलिव्ह,

मी घरात दिसले नाही म्हणून घाबरू नकोस. समोर उन्नी काकूंकडे आहे, आणि तू छताचं काम केल्याशिवाय परत येणार नाही.

दुपारी मेणबत्तीनं टेबलावरचा रुमाल पेटला. मी त्यावर सगळी कॉफी ओतली, तेव्हा विझला. भाजलं वगैरे नाही. पण खोलीभर धूर झाला तरी छताला लावलेला धुराचा अलार्म गप्पच! चाकांच्या खुर्चीतून माझा हात पोचावा म्हणून भिंतीवर खाली बसवलेलं त्याचं तपासणीचं बटण मी दाबलं, दाबतच राहिले. एरवी कान किटवतो मेला. आज हूं नाही की चूं नाही.

मग खिडकीतल्या नाताळच्या ताऱ्याकडे लक्ष गेलं. झक्क पेटला होता. "ताई, बॅटरी जुळवतो कुठून तरी, पण तारा आजच लागणार," असं काल म्हणालास ना? कुठून जुळवलीस ते आज कळलं.

ती काढून टेबलावर ठेवली आहे. वर बसवता आली असती तर मी कशाला गेले असते?

कोबी-मटण पातेल्यात आहे. आधी बॅटरी, मग शेगडी. बसवलीस की बटण दाब, मला इथं ऐकू येईल.

रागावले नाही रे, घाबरले आहे. धूर दिसला की तू पळशील. मला तो आधी ऐकू यावा लागतो.

ताई