दाताऐवजी चाकू

३ जानेवारी
खताच्या दुकानातून सिद्धोधनला डायरी मिळाली. त्यानं मला दिली. म्हणला, माय, बीपीच्या गोळ्या कधी घेतल्या ते यात लिहीत जा. पोरगा पंचायत समितीत क्लार्क झाल्यापासून त्याला सगळं लिहून लागतं. गोळ्या मला पाठ हायत. यात मी दुसरं लिहिणार. शाळा तिसरीपर्यंतच झाली, पण अक्षर सुनेपेक्षा चांगलं हाय.

नवीन वर्षात दोन गोष्टी पक्क्या. नवा चाकू घ्यायचा न्हाई. पाच हायत, पुरे. आणि कवळी बसवायची न्हाई. दोन वर्षं झाली, तोंडात एक दात न्हाई, काय अडलं? जाम असो (शहरातली माणसं त्याला पेरू म्हणतात), काकडी असो, चाकूनं पातळ काप करायचा आणि जिभेवर ठेवायचा. माझे दात कमरेच्या चंचीत असतात. किडत न्हाईत, दुखत न्हाईत.

५ जानेवारी
नागनाथ गुरुजी रिटायर झाल्यावर त्यांनी मोबाईलवर ग्रुप काढला, 'धारदार मित्रमंडळ'. सोनपेठ, पाथरी, झरी मिळून आमी अकरा जण. कुणी खिशातला नवा चाकू घेतला की फोटो टाकायचा, बाकीच्यांनी अंगठा दाखवायचा. नातवंडं झालेली माणसं ही.

आश्रुबा एसटीचा ड्रायव्हर होता. आज त्यानं एकाच चाकूचे चार फोटो टाकले. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी. स्थळाला पोरीचे फोटो पाठवल्यासारखे. लोकांना शौक असतात. मला शौक न्हाई, मला गरज हाय.

८ जानेवारी
बाजारातून पितळी मुठीचा चाकू आणला. ठराव मोडला न्हाई. ठराव नव्या चाकूचा होता. हा दुकानदाराकडं दोन वर्षं पडून होता, त्यानंच सांगितलं.

ग्रुपवर फोटो टाकला. पाथरीच्या विमलानं लगेच लिहिलं, फुला, उघडा फोटो टाक की. विमला माझ्या वर्गातली. ती चौथीला गेली आणि मी घरी आले, तेव्हापासून तिला वाटतं तिला जास्त कळतं. मी लिहिलं, बंदच शोभतो.

९ जानेवारी, सकाळ
चाकू उघडायला पात्यावर नखाची खाच असते. आजकालचे कारागीर खाच लय बारीक पाडायलेत. माझी नखं कामानं झिजलेली. म्हणून सकाळी बबिताकडून उघडून घेते. सुनेला सवय लागावी, दुसरं काही न्हाई. ती म्हणली, आत्याबाई, हा पण उघडना का? मी म्हणले, उघडतो गं, तुला शिकवायलीय.

मग दिवसभर उघडाच ठेवते. हवा लागली की गंज चढत न्हाई.

१० जानेवारी
चंचीला भोक पडलं. अंगठ्यालाही थोडं लागलं. चंचीचं कापड कच्चं.

१२ जानेवारी
सिद्धोधननं परभणीच्या दातांच्या डॉक्टरकडं नंबर लावला. मला न विचारता! म्हणला, माय, तू भाकरी दुधात बुडवून गिळायलीस, वजन उतरलं. मी म्हणले, वजन उतरलं तर जीप चढायला सोपं. तो हसला न्हाई. बापावर गेलाय.

शेवटी पैज ठरली. २६ जानेवारीला विमलाच्या जामाच्या मळ्यात ग्रुपची बैठक हाय. गुरुजींचा नियम: चाकू खिशातून बंद निघाला पाहिजे, ज्याचा त्यानं उघडायचा, एक जाम कापून तिथंच खायचा. नाहीतर तो खिशातला चाकू न्हाई, स्वयंपाकघरातली सुरी. मी सिद्धोधनला म्हणले, हे सगळं तुझ्यासमोर करून दाखवते. दाखवलं तर कवळीचं नाव काढायचं न्हाई. न्हाई दाखवलं तर मुकाट्यानं डॉक्टरच्या खुर्चीत बसते. बबिता साक्षीदार.

तो लगेच व्हय म्हणला. बिचारा हरणार.

१४ जानेवारी
ग्रुपवर सुचवलं की बटण दाबलं की उघडणारा चाकूही चालू द्यावा. तरुण लोकांना उत्साह यावा म्हणून. ग्रुपमध्ये सगळ्यात तरुण आश्रुबा, वय एकसष्ट. गुरुजी म्हणाले, पंचफुलाबाई, तसला चाकू पोलिसांचं काम हाय, आपल्या मंडळात चालणार न्हाई. मास्तर माणूस. ठाण्यासमोरून जातानाही चप्पल हातात घेईल.

१७ जानेवारी
पार्सल आलं. एका अंगठ्यानं उघडणारा चाकू. मागवला बबितानं, माझ्या सांगण्यावरून. मोबाईल तिचा, म्हणजे चाकू तिचा. मी फक्त वापरणार.

जाहिरातीत एक माणूस हसत हसत अंगठ्यानं उघडतो. त्याचा अंगठा केवढा! त्यानं आयुष्यात कापूस वेचला नसंल.

१८ जानेवारी
चाकूच्या सांध्यात गोडं तेल सोडलं. नंतर गरम पाणी. मग बबिताच्या शिलाई मशीनचं तेल. ग्रुपवर विचारलं, माझ्या ओळखीच्या एका बाईचा चाकू घट्ट हाय, काय करावं? आश्रुबानं लिहिलं, अक्का, तिला सांग दातानं ओढ. मी सगळे दातानंच उघडतो. नऊ जणांनी अंगठा दाखवला.

मीपण दाखवला.

२१ जानेवारी
आश्रुबा अंगणात येऊन गेला. सोबत गुरुजी. गुरुजी कधी चाकू हातात देत न्हाईत. खाली ठेवतात, मग दुसऱ्यानं उचलायचा. हातोहात दिला तर भांडण लागतं म्हणे. मी म्हणले, गुरुजी, माझ्या सासऱ्यानं छप्पन साली असलं सगळं नागपूरला सोडून दिलं. आमी मानत न्हाई. आणा इकडं. त्यांनी तरी खालीच ठेवला. शिकलेल्या माणसाला समजावणं अवघड.

२५ जानेवारी
सराव: अंगठ्याचा चाकू ठेवून दिला, पितळी मुठीचा वीस वेळा ओढला, दोन वेळा उघडला. दोन्ही वेळा बबितानं आधी ढिला केला होता, पण शेवटचा जोर माझाच.

तरी एक उपाय केलाय. पातं किंचित उचलून खाली आगपेटीच्या काडीचा तुकडा अडकवला. लांबून बंदच दिसतो. बोट घातलं की उघडणार. ही लबाडी न्हाई, ही अक्कल हाय. तयारी पूर्ण.

२६ जानेवारी, संध्याकाळी
लिहायचं नव्हतं. पण लिहिते.

झेंडावंदन करून जीपनं पाथरीला निघालो. रस्ता असा की पोटातलं पाणी गळ्याला यावं. मळ्यात सतरंजीवर अकरा जण, मधे टोपलंभर जाम. सिद्धोधन आणि बबिता समोर बसले.

गुरुजींनी अंगठ्यानं उघडला. आश्रुबानं दातानं, कट्. मग विमला. तिनं तोंड उघडलं तर आत पांढरे शुभ्र दात, दिवाळीला बसवलेले! मला एका शब्दानं सांगितलं न्हाई. तिनंही कट् केलं आणि माझ्याकडं बघितलं.

माझा नंबर आला. नख लावलं. दुसरं लावलं. पातं हलंना. जीपच्या धक्क्यानं काडी आत मोडून बसली होती. मी थोडा वेळ झाडं बघितली. चांगली झाडं हायत. मग म्हणले, सकाळी बबितानं हा चाकू हातोहात दिला, म्हणून अडकलाय.

गुरुजी असे खूश झाले! पंचफुलाबाई, मी सांगतच होतो! सिद्धोधन म्हणला, माय, आजोबा ऐकायले असतील. बबितानं पदर तोंडाला लावला.

मी चाकू खाली ठेवला. विमलानं उचलला, दातात धरला, ओढला. उघडला. दातात आगपेटीच्या काडीचा तुकडा. तिनं तो काढून सगळ्यांना दाखवला आणि म्हणली, फुला, तू काय, विडी पेटवणार होतीस का?

आश्रुबा हसून सतरंजीवर आडवा झाला. जाम मात्र मी कापला. इतका पातळ की पलीकडचं दिसावं. कुणी बघितला न्हाई. सिद्धोधन मोबाईलवर डॉक्टरचा नंबर शोधायलाय, तेवढं दिसलं.

१० फेब्रुवारी
परभणी. डॉक्टरनं तोंडात गाऱ्यासारखा लगदा भरून माप घेतलं. घर लिंपल्यासारखं. विचारलं, आजी, काय काय खायची इच्छा हाय? मी म्हणले, खायचं काही न्हाई, चाकू उघडायचाय. डॉक्टरनं पेन खाली ठेवला आणि सिद्धोधनकडं बघितलं.

२४ फेब्रुवारी
कवळी बसली. दुखायलीय. तोंडात दुसऱ्याचं तोंड ठेवल्यासारखं वाटतं.

डॉक्टर म्हणाला, सवय होईपर्यंत महिनाभर काही चावून तोडू नका, सगळं चाकूनं बारीक कापून खा. मी सिद्धोधनला दोनदा म्हणायला लावलं. चाकूनं. दोन वर्षं मी हेच सांगायलीय, आणि घरात कुणी ऐकायला तयार न्हाई.

घरी आले. जाम घेतला. चाकू काढला. खाच दातात धरली, डोळे मिटले, ओढलं. कट् आवाज आला. डोळे उघडले तर चाकू बंदच होता. वरची कवळी त्याला लटकली होती.

बबितानं कवळी धुवून दिली. मग चाकू नखानं उघडला आणि खाली ठेवला, हातात दिला न्हाई. जाम पिकलेला होता. बारीक कापून खाल्ला. बरा लागला.

कवळी आता पेल्यात हाय. ग्रुपवर टाकायला फोटो काढलेत, पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी. विमला विचारणार, तोंडात घालून टाक की. लिहीन, पेल्यातच शोभते.